साखर काढली, रस घातला: एका घरगुती फळ-सोड्याचं प्रकरण

घर चार माणसांचं: आई, बाबा, नोकरी करणारी मुलगी आणि कॉलेजातला मुलगा. बाबा साठीच्या आसपासचे. टाइप २ मधुमेह, जोडीला कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री एक गोळी. खाण्यातली पथ्यं त्यांनी कुरकुरत का होईना, अंगवळणी पाडून घेतली होती. सुटत नव्हता तो दुपारचा सोडा. ३३० मिलिलिटरचा गोड कॅन म्हणजे जवळपास ३५ ग्रॅम, आठ-नऊ चमचे साखर. डाएट सोडा आणून पाहिला, पण त्यांना पटला नाही. "तोंडात पत्र्याची चव राहते," एवढं म्हणून त्यांनी कॅन बाजूला सारला.

मुलीने मग सोडा मेकर घेतला आणि फळांचा सोडा घरीच करायचं ठरवलं, तोही साखरेचा दाणा न घालता. बाबा खूश झाले. चवही बरी जमली होती. माझं काम पेयांच्या चवीचं, म्हणून तिने मला फोन केला, पण तो साखरेबद्दल नव्हता. तिची अडचण वेगळीच होती: बाटलीतून फेस उसळून ओट्यावर येतो आणि ग्लासात ओतेपर्यंत गॅस निम्मा झालेला असतो. बोलता बोलता आईने मागून पुस्ती जोडली, "आणि यांची शुगर काही खाली येत नाही, उलट जेवणानंतरची वाढलीच आहे. सोडा तर आता बिनसाखरेचा आहे ना?"

दोन्ही दुखणी एकाच जागची निघाली.

वहीतली कृती

तिने कृती नीट लिहून ठेवली होती. काळ्या द्राक्षांचा रस मंद आचेवर आटवून निम्मा करायचा; हे तिचं "नैसर्गिक सिरप". एका ग्लासाला ६० मिलिलिटर सिरप, ८० मिलिलिटर संत्र्याचा ताजा रस, वर १६० मिलिलिटर सोडा. एकूण ३००.

आता हिशोब. द्राक्षाच्या १०० मिलिलिटर रसात साधारण १५ ग्रॅम साखर असते. रस आटवून निम्मा केला की पाणी उडतं, साखर कुठेही जात नाही. म्हणजे सिरपात १०० मिलिलिटरला ३० ग्रॅम. ६० मिलिलिटरमध्ये १८. संत्र्याच्या रसात १०० मिलिलिटरला ८ ते ९ ग्रॅम, म्हणजे ८० मिलिलिटरमध्ये सुमारे ७. ग्लासभर सोड्यात २५ ग्रॅम साखर झाली. तेवढ्याच विकतच्या सोड्यात ती ३२ च्या घरात असते, म्हणजे फायदा होता, पण किरकोळ. शिवाय हा सोडा "शुगर फ्री" म्हणून बाबा एकाऐवजी दोन ग्लास घेत होते. म्हणजे ५० ग्रॅम. आधीचा कॅन ३५ चा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी शिफारस केली, तिच्यात फळांचा रस, त्याचा आटवलेला अर्क आणि मध हे सगळं घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलं आहे. अख्ख्या फळातली साखर त्या रांगेत नाही, कारण ती पेशींच्या आत असते, तंतूंसोबत पोटात जाते आणि चावायला वेळ लागतो. रस काढला की ती मोकळी होते. रोजच्या २००० कॅलरींतल्या १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी, असा तो सल्ला आहे. म्हणजे ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या. बाबांची वरची मर्यादा या दोन ग्लासांतच भरत होती.

"पण ती फळाची साखर आहे," मुलीने म्हटलं. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर हुज्जत घालत नाही, आकडे दाखवते. साध्या साखरेचा रेणू पोटात फुटला की निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज होतं. द्राक्षाच्या रसातही ती दोन्ही जवळजवळ निम्मी निम्मीच असतात. शरीराला या दोहोंत फारसं वेगळं असं काही सापडत नाही.

मध्यंतरी तिने द्राक्षाऐवजी सफरचंदाचा रस वापरला होता आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा थोडा खाली आला होता. तिला वाटलं, उत्तर मिळालं. सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त असतं. फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः यकृतात लागतो आणि ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं, पण ग्लासातली साखर काही गेली नव्हती.

मी तिच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेले. मुठीत मावेल एवढी नळी असते. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत निळ्या-पांढऱ्याची सीमा एका आकड्यावर उभी राहते. सोड्यातले बुडबुडे आधी ढवळून घालवावे लागतात, नाहीतर ती सीमा धूसर दिसते. तिच्या ग्लासातला आकडा ८ च्या थोडा वर होता, म्हणजे शंभर भागांत आठ भाग विरघळलेला ऐवज, आणि रसात तो बहुतेक साखरच असतो. तिने स्वतः डोळा लावून पाहिलं आणि त्यानंतर "फळाची साखर" हा विषय त्या घरात निघाला नाही.

फेस का उसळत होता

मुलगी रस आणि पाणी एकत्र करून सगळंच मशीनला लावत होती. रसात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ, असतं, थोडी प्रथिनं असतात, चोथ्याचे बारीक कण असतात. कणांच्या खाचांत गॅसला बुडबुडा धरायला जागा मिळते, आणि पेक्टिन व प्रथिनं त्या बुडबुड्याची कातडी मजबूत करतात. दाब सोडला की सगळे बुडबुडे एकदम वर येतात आणि फुटायचं नाव घेत नाहीत. वर नळीत आणि झडपेत रस जाऊन चिकटतो, तो वेगळाच ताप. गॅस फक्त साध्या पाण्यात भरायचा, बाकी सगळं नंतर.

पाणी थंड हवं, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. द्रवावर गॅसचा दाब जितका जास्त तितका तो द्रवात जास्त मुरतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. दाब तोच ठेवून पाणी तापवलं तर मात्र गॅस मुरेनासा होतो. साध्या वातावरणीय दाबाखाली २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड राहतो. ५ अंशांना सुमारे २.८. विकतच्या कडक सोड्यात दाबाखाली ७-८ ग्रॅम असतो. नळाचं पाणी थेट मशीनला लावून त्या पातळीला पोचण्याची आशाच धरू नये. पाणी रात्रभर फ्रिजमध्ये, ग्लासही थंड.

तरीही खरा चोर राहतोच. कृतीत ३०० पैकी १४० मिलिलिटर रस होता आणि रसात गॅस नव्हता. कितीही कडक सोडा ओतला तरी तो जवळजवळ निम्मा पातळ होणार. ग्लासात २५० मिलिलिटर सोडा हवा असेल तर बाकी सगळ्यासाठी ५० मिलिलिटर उरतात. म्हणजे साखर कमी करायची तरी रस कमी, आणि गॅस टिकवायचा तरी रस कमी. इथून पुढचं काम एवढंच होतं: ५० मिलिलिटरमध्ये फळ बसवायचं कसं.

फळ कुठे असतं

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू वगैरे मोजक्याच चवी कळतात. संत्रं हे संत्रं आहे आणि लिंबू नाही, हे सांगतं नाक. नाक चिमटीत धरून संत्र्याचा रस प्यायला तर तो आंबट-गोड पाणी लागतो. फळाचं फळपण सुगंधात असतं, आणि लिंबूवर्गीय फळांत तो सुगंध रसात कमी, सालीच्या रंगीत थरातल्या तेलात जास्त असतो. संत्र्याची साल ज्योतीजवळ धरून दुमडली तर तेलाचे तुषार चर्रकन पेटतात. मुलाला हा खेळ फार आवडला आणि घरातली निम्मी संत्री त्यातच गेली.

म्हणून मी तिला रस सोडून सालीकडे वळवलं. फळ कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवायचं, कारण वरून मेण आणि फवारणीचा अंश असू शकतो. सोलाण्याने फक्त रंगीत थर काढायचा; खालचा पांढरा भाग कडू. बारटेंडर मंडळी साखरेत सालं चुरून तेल ओढून घेतात. इथे साखर नाही, म्हणून सालींवर सायट्रिक आणि मॅलिक ॲसिडची पूड चोळून तासभर झाकून ठेवायची. आम्लाने सालीला पाणी सुटतं, त्यासोबत तेलही येतं. झाकण काढलं की त्या वाडग्याचा वास खोलीभर होतो, आणि त्यात साखर नावापुरतीच असते.

दुसरी वाट बेरींची. रासबेरीत १०० ग्रॅमला साधारण साडेचार ग्रॅम साखर, स्ट्रॉबेरीत पाच. वास मात्र भरपूर. त्या गोठवलेल्या घ्याव्यात. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात आणि विरघळल्यावर रस व रंग आपोआप सुटतो, शिजवायची गरज नाही. शिवाय स्ट्रॉबेरी आणि व्हॅनिला यांचा वास आला की तेच पेय माणसाला जास्त गोड लागतं. जीभ आणि नाक वेगवेगळे हिशोब ठेवत नाहीत. व्हॅनिलाचे दोन थेंब म्हणजे फुकटात मिळालेली गोडी.

द्राक्षफळ, म्हणजे ग्रेपफ्रूट, मात्र मी यादीतून आधीच काढलं. बाबांना कडवट चव आवडते, मुलीने ते आणूनही ठेवलं होतं. त्यातले फ्युरानोकुमारिन हे घटक आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतात, आणि सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटॉर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे वाढू शकतं. साल असो वा रस, धोका तोच. मार्मालेडच्या कडू संत्र्यालाही हे लागू. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. ज्या घरात रोज गोळ्या आहेत तिथे हे फळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. साधं संत्रं आणि लिंबू यांना ही अडचण नाही.

गोडीची भानगड

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

पहिली स्टीव्हिया. साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, वनस्पतीपासून काढलेली, म्हणून मुलीचा तिच्यावर जीव. अडचण अशी की तिची गोडी उशिरा चढते, लवकर उतरत नाही आणि मागे ज्येष्ठमधासारखं काहीतरी सोडून जाते. बाबांनी एक घोट घेतला, ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोकल्याचं औषध आहे का हे?"

मग एरिथ्रिटॉल. ते साखरेच्या साधारण ६०-७० टक्के गोड, कॅलरी जवळजवळ शून्य, रक्तातली साखर हलवत नाही. दिसतंही साखरेसारखं, म्हणून वापरायला सोपं वाटतं. गणित मात्र जमत नाही. विकतच्या सोड्याची गोडी आणायला ३०० मिलिलिटरच्या ग्लासात ४५ ग्रॅमच्या आसपास लागेल. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ०.५ ग्रॅम ठरवली, ती त्याच्या रेचक गुणामुळे. ७० किलोच्या माणसाला ३५ ग्रॅम. एका ग्लासातच ओलांडली. शिवाय ते थंड पाण्यात कमी विरघळतं. मुलीने बेसची, म्हणजे सोड्यात मिसळायच्या फळाच्या अर्काची, बाटली रात्री फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार खडे जमले होते. तिने रिफ्रॅक्टोमीटर लावला, तर आकडा पुन्हा वर! तिचा घाबरून फोन आला. ते यंत्र विरघळलेलं सगळंच मोजतं. साखर आणि एरिथ्रिटॉल यांत त्याला फरक कळत नाही. एरिथ्रिटॉल घातलेल्या पेयासाठी ते कुचकामी.

२०२३ मध्येच रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचं प्रमाण जास्त दिसल्याचा एक अभ्यास "नेचर मेडिसिन"मध्ये आला होता. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे तेवढ्याने ठरत नाही. पण कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या माणसाला रोज मूठभर एरिथ्रिटॉल देण्याइतकी घाई आम्हाला नव्हती.

शेवटी सुक्रालोज. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्याबरोबर काम करणाऱ्या शशिकांत फडणीस यांना एक पदार्थ तपासायला सांगितला होता. त्यांनी ऐकताना गफलत केली आणि चाखला, तिथून हे सगळं सुरू झालं. प्रयोगशाळेत असं चाखणं आज कुणी खपवून घेणार नाही. सुक्रालोज आम्लात टिकतं, थंडीत विरघळलेलं राहतं आणि त्याची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारी चव, स्टीव्हियाहून छोटी. ॲस्पार्टेमही चाललं असतं, पण ते आम्लात हळूहळू तुटतं आणि फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना वर्ज्य आहे.

बाजारातल्या छोट्या पुड्यांत सुक्रालोज नावाला असतं. बाकीचं वजन माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजचं, म्हणजे पुन्हा ग्लुकोजच्याच घराण्यातलं. एका पुडीत ते ग्रॅमभरही नसतं, पण भांडंभर सोड्यात पुड्यांवर पुड्या ओतल्या तर मोजावंच लागेल. शुद्ध पूड घ्यावी, पण चमच्याने मोजू नये, कारण एका ग्लासाला लागतं तेवढं सुक्रालोज चमच्यात दिसतही नाही. आधी पाणी बनवून ठेवायचं: दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर १ ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी. याच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम सुक्रालोज, म्हणजे साधारण ६ ग्रॅम साखरेची गोडी. मग सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचं.

विरघळवायचं हे आणखी एका कारणासाठी. कुठलीही कोरडी पूड थेट सोड्यात टाकली की तिच्या कणाकणावर बुडबुडे फुटतात आणि ग्लासाचं कारंजं होतं.

गोडी मिळाली तरी पेय "पाणचट" लागत होतं. मला हे अपेक्षित होतं. साखर नुसती गोड नसते. लिटरला शंभर ग्रॅम साखर पाण्याला अंग देते आणि आम्लाची धार बोथट करते. सुक्रालोज यातलं काहीच करत नाही. त्यात सोड्याची स्वतःची आंबट झणझण असते. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते कार्बन डायऑक्साइडचं आम्ल करतं. हे २००९ मध्ये दाखवून दिलं गेलं. उंच पहाडावर जाणारे ॲसिटाझोलामाइडची गोळी घेतात, ती हेच एन्झाइम अडवते, म्हणून त्यांना तिथे सोडा आणि बिअर बेचव लागते.

मुलगी पाणचटपणावर उतारा म्हणून गोडी वाढवत होती. मी उलट सांगितलं: गोडी निम्म्यावर आणा आणि लिंबूही कमी करा. विकतच्या सोड्याची बरोबरी करायला गेलात की प्रत्येक घोटाला तुलना होते आणि सुक्रालोजची शेपटीही लांबते. साडेसहा-सात टक्के साखरेइतकी गोडी, त्याला साजेसं आम्ल, चिमटीभर मीठ. मिठाने कडवटपणा दबतो. सायट्रिक आम्ल चटकन चढून उतरतं, मॅलिक रेंगाळतं. म्हणून थोडं मॅलिक गोडीच्या शेपटीवर पांघरूण घालतं. अंग यावं म्हणून झँथन गम ही दाटपणा आणणारी पूडही घालून पाहिली. अंग आलं, पण फेस पुन्हा दाढीसारखा वर उभा राहिला. गम बाद.

ठरलेली कृती

सहा ग्लासांचा, ३०० मिलिलिटर बेस. दोन संत्री आणि एका लिंबाच्या रंगीत सालीवर १ ग्रॅम सायट्रिक आणि अर्धा ग्रॅम मॅलिक ॲसिड चोळून तासभर ठेवायचं. १०० ग्रॅम गोठवलेल्या रासबेरी वितळवून कुस्करायच्या. दोन्ही एकत्र करून २०० मिलिलिटर थंड पाणी, ३० मिलिलिटर लिंबाचा रस, चिमूट मीठ, व्हॅनिलाचे दोन थेंब. आधी बारीक गाळणीतून, मग ओल्या मलमलीतून गाळायचं, आणि न पिळता. पिळलं की चोथा आणि पेक्टिन खाली येतं, आणि फेस परत आला म्हणून समजा. शेवटी सुक्रालोजचं पाणी २० मिलिलिटर. ३०० ला कमी पडलं तर पाणी घालायचं.

साखर मोजू. रासबेरीतून जास्तीत जास्त साडेचार ग्रॅम, लिंबाच्या रसातून पाऊण. सगळी मिळून पाच ग्रॅमच्या आसपास, सहा ग्लासांत. म्हणजे ग्लासाला ग्रॅमच्या आत. १०० मिलिलिटरला ०.३ ग्रॅम. युरोपात पेयावर "साखरमुक्त" छापायला १०० मिलिलिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे, तिच्यात हे बसतं. सुक्रालोज ग्लासाला ३३ मिलिग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीची मर्यादा दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोला १०५०.

ग्लासात आधी ५० मिलिलिटर बेस, ग्लास तिरका धरून कडेने २५० मिलिलिटर थंडगार सोडा, लांब चमच्याने तळातून एकच वळसा. रासबेरीचा रंग आम्लामुळे लालच राहतो आणि तळातून वर चढताना छान दिसतो.

हा बेस टिकत नाही, ही एक अडचण राहिलीच. सरबताचा पाक महिनोन्महिने टिकतो तो त्यातल्या साठ-पासष्ट टक्के साखरेमुळे. इथे ती राखणदार नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त हवा असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून. खडा ग्लासात वितळू द्यायचा आणि मग सोडा ओतायचा. खरबरीत बर्फावर सोडा ओतला की गॅस पळतो.

मुलाची सूचना, आईचा प्रश्न

मुलाचं म्हणणं होतं की मशीन कशाला, आल्याचं विरजण लावून नैसर्गिक सोडा करू, यीस्ट सगळी साखर खाऊन टाकेल. कल्पना चुकीची नाही. लिटरला १२ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली तर सुमारे ६ ग्रॅम गॅस होतो, सोड्याला पुरेसा. पण तेवढंच अल्कोहोलही होतं, पाऊण टक्क्याच्या आसपास. आणि यीस्ट १२ ग्रॅमवर थांबत नाही. संत्र्याच्या रसात लिटरला ८५ ग्रॅम साखर आहे. ती सगळी आंबली तर ४० ग्रॅम गॅस, कडक सोड्याच्या पाचपट. बंद काचेची बाटली तो सोसत नाही, तिचे तुकडे होतात. साखर पूर्ण संपेपर्यंत थांबावं तर गॅस धोक्याचा, मध्येच थांबवावं तर साखर उरलेली. मधुमेहाच्या माणसासाठी घरात ही वाट नको, यावर मी ठाम राहिले. मुलगा अजून नाराज आहे.

आईचा प्रश्न साधा पण मोलाचा होता. बाबांना कधी घाम सुटून शुगर खाली गेली तर ती फ्रिजमधला सोडा काढून देत असे. आता तसं चालणार नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते, तेव्हा १५ ग्रॅम खरी साखर लागते. या सोड्याचे चार ग्लास पाजले तरी ती भरत नाही. त्यांनी ग्लुकोजच्या गोळ्या बाबांच्या खिशात आणि ओट्याजवळ ठेवल्या, आणि बेसच्या बाटलीवर ठळक अक्षरांत "यात साखर नाही" असं चिकटवलं. बरणीवर नाव घालायची सवय असलेल्या घरातही ही चिठ्ठी सुचायला वेळ लागतो.

दातांचा मुद्दा मी ओझरताच काढला: साखर गेली तरी आम्ल आहे, आणि दातांचं कवच पीएच ५.५ च्या खाली विरघळू लागतं. दुपारी एकदा बसून प्यावा, दिवसभर घोट घोट घेऊ नये, नंतर पाण्याने चूळ भरावी.

आता बाबा रोज एक ग्लास घेतात आणि जेवणानंतरचे आकडे उतरू लागले आहेत. त्यात सोड्याचा वाटा किती आणि त्याच काळात वाढलेल्या चालण्याचा किती, हे या एका घरावरून वेगळं काढता येणार नाही. २०२३ च्या शिफारशीत जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका असं म्हटलं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, तरी मुलगी दर काही दिवसांनी सिरिंजमधलं सुक्रालोज थोडं कमी करते. बाबांना ते कळलेलं नाही.

तक्रार एकच उरली. त्यांना द्राक्षाचा सोडा हवा आहे. द्राक्ष, अननस, आंबा या फळांपुढे सालीची युक्ती चालत नाही. त्यांची चव गरात आणि रसात असते, आणि साखरही तिथेच. त्यांचा बिनसाखरेचा सोडा करायचा तर सुगंध बाटलीतून आणावा लागेल, आणि ते मुलीला नको आहे. मध्यममार्ग असा निघाला: रविवारी एका ग्लासात न आटवलेला द्राक्षरस २० मिलिलिटर, म्हणजे ३ ग्रॅम साखर, बाकी नेहमीचं. २० म्हणजे २०, सिरिंजने मोजून. बाबा ३० साठी अजून घासाघीस करतात.